गिअर हार्ड पडत होता म्हणून ७५डब्ल्यू-९० जीएल-४ सिंथेटिक गिअर ऑइल टाकलं, सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू मॅन्युअल गिअरबॉक्सच्या फुल सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० जीएल-४ ऑइलचा आहे (७५डब्ल्यू-९० हा ऑइल किती पातळ-घट्ट आहे त्याचा ग्रेड, जीएल-४ हे ते कोणत्या कामासाठी आहे त्याचं रेटिंग). कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण चांगल्या कंपन्यांच्या ऑइलमध्ये जो फरक असतो त्यापेक्षा ग्रेड आणि रेटिंग चुकलं तर पडणारा फरक कितीतरी मोठा असतो, हे मला या सहा महिन्यांत नीट कळलंय. माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार. पण ऑइल टाकल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात कोणी विचारलं असतं तर मी १ स्टार दिला असता, आणि ते चुकीचं झालं असतं. ते का, हे सविस्तर लिहितोय कारण गिअर हार्ड पडतो म्हणून ऑइल शोधणाऱ्या निम्म्या लोकांना बहुतेक ऑइलची गरजच नसेल असं मला वाटायला लागलंय.

गाडी पेट्रोल, फ्रंट व्हील ड्राइव्ह, ५ स्पीड, क्लच हायड्रॉलिक (पेडलचा दाब फ्लुइडमधून पोचवणारा) आणि गिअर केबलवर चालणारे. ८२ हजार किलोमीटर झाले होते. त्रास असा की सकाळी गाडी काढली की पहिली दहा मिनिटं दुसरा गिअर पडायला तयार नसायचा, लिव्हर अर्ध्यावर जाऊन थांबायची आणि मग जोर लावला की खट् करून आत. नंतर गाडी गरम झाली की ते कमी व्हायचं. पण सिग्नलला उभं राहिल्यावर पहिला टाकायला जावं तर तो अडायचा, रिव्हर्सला तर कर्रर्र आवाज यायचा. मी हे सगळं एकच दुखणं समजत होतो. प्रत्यक्षात ती दोन वेगवेगळी दुखणी एकाच वेळी चालू होती, आणि ऑइलने त्यातलं एकच बरं केलं.

तर ऑइल बदललं, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली, दुसरा गिअर एकदम मऊ पडला. मनापासून आनंद झाला. मग पहिल्या सिग्नलला पहिला अडला तो अडलाच, रिव्हर्स तसाच करकरला. संध्याकाळपर्यंत मला ठाम वाटायला लागलं की ऑइल फालतू आहे, दोन दिवस तसंच चिडून चालवली, आणि तिसऱ्या दिवशी जे आधी करायला हवं होतं ते केलं.

इंजिन बंद केलं, गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, क्लच दाबून पाचही गिअर आणि रिव्हर्स एकेक करून टाकून बघितले. लोण्यासारखे पडले. मग न्यूट्रलला आणून इंजिन चालू केलं, क्लच पूर्ण दाबला आणि तेच परत करून बघितलं, तर पहिला अडतोय आणि रिव्हर्स आवाज करतोय. इथेच अर्धं निदान झालं. इंजिन बंद असताना सगळं हलकं आणि चालू केलं की जड, म्हणजे गिअरबॉक्सच्या आतला शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजेच क्लच पूर्ण सुटत नाहीये. पेडल तुम्ही तळापर्यंत दाबलंय पण क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून (इंजिनच्या फिरत्या चाकापासून) पुरती वेगळी होत नाहीये, ती थोडी घासत राहते आणि शाफ्टला फिरवत ठेवते. अशा वेळी गिअरबॉक्समध्ये जगातलं सगळ्यात भारी ऑइल ओतलं तरी काही होणार नाही. आणि उलट, इंजिन बंद असतानाही जड असेल तर क्लचला सोडा आणि केबल, बुश (केबलच्या टोकाच्या छोट्या पुंगळ्या), लिंकेज (लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतचे सांधे), ऑइल, सिंक्रो (गिअर पडताना आतला वेग जुळवणारी रिंग) याकडे बघा. ही टेस्ट दोन मिनिटांची आहे, एकही पाना लागत नाही, तरी मी ज्या तीन माणसांना आधी गाडी दाखवली त्यातल्या एकानेही ती केली नव्हती, दोघांनी थेट क्लच प्लेट गेली म्हणून सांगितलं आणि एकाने गिअरबॉक्स उघडावा लागेल म्हणून.

खात्री करायला अजून दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे क्लच पूर्ण दाबून पाच-सहा सेकंद तसाच धरून ठेवायचा आणि मग रिव्हर्स टाकायचा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे शाफ्ट पूर्ण थांबल्याशिवाय तो आवाज न करता पडत नाही. क्लच नीट सुटत असेल तर एवढ्या वेळात शाफ्ट थांबायला हवा. माझा दहा सेकंद थांबूनही करकरत होता. दुसरी गोष्ट, पेडल पटापट तीन-चार वेळा पंप करून लगेच पहिला टाकून बघितला, तर तो सुरळीत पडला! हे झाल्यावर मला उत्तर मिळालंच, कारण पंप केल्यावर जर बरं होत असेल तर हायड्रॉलिकमध्ये हवा आहे किंवा कुठेतरी प्रेशर गळतंय. क्लच प्लेट खराब असती तर पंप करून तिला काय फरक पडणार होता.

मग पायाखालचं मॅट काढून बघितलं. हे वाचून कोणाला किरकोळ वाटेल पण जाड मॅट पेडलच्या खाली सरकलं तर पेडलचा शेवटचा एखाद इंच प्रवास जातो आणि नेमका त्याच शेवटच्या भागात क्लच पूर्ण सुटत असतो, म्हणून हे सगळ्यात आधी बघा, फुकट आहे. माझं मॅट जागेवरच होतं. मग पेडलच्या वर जिथून रॉड मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे फ्लुइड ढकलणाऱ्या सिलिंडरमध्ये जातो तिथे टॉर्च मारून हात फिरवला, कोरडं. बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर असतो (त्या फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा), त्याचं रबर बूट हलकेच वर केलं आणि आत ओलं, काळपट फ्लुइड. सापडलं. फ्लुइडची पातळी थोडीशीच खाली होती, आणि बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते त्यामुळे पातळी थोडी उतरली तर ब्रेक पॅड झिजले असतील असं समजून आपण सोडून देतो, मीही तेच केलं होतं.

स्लेव्ह सिलिंडर बदलला, डॉट ४ फ्लुइड पूर्ण नवीन भरलं, एअर काढली. जुनं फ्लुइड चहासारखं झालं होतं. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, पण क्लचची लाइन मेकॅनिक सहसा विसरतात, ब्रेकचं बदलतात आणि क्लचचा निपल (एअर आणि जुनं फ्लुइड काढायचं छोटं तोंड) कोणी उघडतच नाही. माझा स्लेव्ह बाहेरच्या बाजूला होता म्हणून काम तासाभरात झालं. काही गाड्यांत तो बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कव्हरच्या) आत, रिलीज बेअरिंगसोबतच असतो, त्यांना गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि मग तेवढं उतरवलंच आहे तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट पण बघून घ्यावी. वायरवाला क्लच असेल तर यातलं काहीच नाही, फक्त वायर ताणली गेली का आणि फ्री प्ले (पेडलचा सुरुवातीचा मोकळा प्रवास) किती आहे ते तपासायचं, बऱ्याचदा नुसत्या ॲडजस्टमेंटवर काम होतं.

हे झाल्यावर सिग्नलचा पहिला आणि रिव्हर्स दोन्ही सुटले. आता राहिलं ते फक्त ऑइलचं काम, आणि आता कुठे मी त्याला न्याय देऊ शकतो.

जुनं ऑइल कोणतं होतं ते मला जुन्या बिलावरून कळलं, ८०डब्ल्यू-९० जीएल-५. गाडीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट ७५डब्ल्यू-९० जीएल-४ लिहिलेलं आहे. ज्याने भरलं त्याने बहुधा जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं असा विचार केला असावा, आणि हा समज फार पसरलेला आहे म्हणून यावर थोडं जास्त लिहितो. जीएल-४ आणि जीएल-५ ही एकाच शिडीची खालची वरची पायरी नाहीये. जीएल-५ मुळात मागच्या ॲक्सलमधल्या हायपॉइड गिअरसाठी आहे, तिथे दात एकमेकांवर दाबून घसरतात, म्हणून त्यात सल्फर-फॉस्फरसचे प्रेशर सहन करणारे ॲडिटिव्ह जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. आता मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये सिंक्रो रिंग कशी काम करते बघा. तुम्ही दुसरा टाकता तेव्हा स्लीव्ह (गिअर जोडणारी सरकती कडी) आधी त्या रिंगला गिअरच्या कोनवर, म्हणजे निमुळत्या भागावर दाबते, रिंग आणि कोन घासतात, त्या घर्षणाने दोघांचा वेग सारखा होतो आणि मगच स्लीव्ह दातांवरून आत सरकते. म्हणजे सिंक्रो हा एक छोटा ब्रेकच आहे. ब्रेकला निसरडं तेल लावलं तर काय होणार तेच इथे होतं, रिंग घसरत राहते, वेग जुळत नाही, आणि हाताला ते जड लागतं किंवा दात घासतात. शिवाय बऱ्याच सिंक्रो रिंग पितळेच्या असतात आणि काही जीएल-५ ऑइलमधलं सल्फर गरम झाल्यावर पितळेला खातं. सगळीच जीएल-५ तशी नसतात, पण मॅन्युअल जीएल-४ म्हणत असताना ती जोखीम घ्यायचं कारणच काय.

सिंक्रो ही गोष्ट किती मोठी आहे हे आपल्याला आता जाणवत नाही. कॅडिलॅकने १९२९ च्या मॉडेलला ती पहिल्यांदा आणली, त्याआधी प्रत्येक गिअरला चालकाने स्वतः डबल क्लच मारून वेग जुळवायचा. तीच युक्ती आजही टेस्ट म्हणून कामाला येते. चालत्या गाडीत क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलकी रेस, परत क्लच दाबून खालचा गिअर, असं केलं आणि एरवी अडणारा गिअर सुरळीत पडला तर त्या गिअरची सिंक्रो थकलीये असं समजा. आणि हे ऑइलने परत येत नाही.

परत ग्रेडकडे. ७५डब्ल्यू आणि ८०डब्ल्यू मधला फरक थंडीत कळतो. गिअर ऑइलच्या एसएई (ऑइलचे ग्रेड ठरवणारी संस्था) नियमात ज्या तापमानाला ऑइल एका ठरावीक मर्यादेइतकं घट्ट होतं ते ७५डब्ल्यू साठी उणे ४० अंश आहे, ८०डब्ल्यू साठी उणे २६ आणि ८५डब्ल्यू साठी उणे १२. एवढी थंडी तुमच्याकडे पडो न पडो, जो आधी घट्ट होतो तो साध्या सकाळीही जास्त जाड असतो. गरम झाल्यावर दोन्ही ९० च, म्हणून माझा त्रास दहा मिनिटांनी कमी व्हायचा. सकाळी जड आणि नंतर बरं, हे लक्षण ऐकलं की ऑइलवर संशय घ्यायला हरकत नाही. दिवसभर सारखंच जड असेल तर ऑइलवर पैसे घालवायच्या आधी बाकीचं बघा.

आता भरण्याबद्दल, कारण इथे माझ्या डोळ्यांसमोर एकाची गाडी अडकलेली आहे. ड्रेन बोल्ट उघडण्याआधी वरचा फिलर बोल्ट उघडून बघा. फिलर गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून सगळं ऑइल आधीच सोडून दिलं असेल तर गाडी जागची हलवता येत नाही. थोडी चालवून कोमट केलेली गाडी, सपाट जागा, चारही चाकं एका पातळीत, नवीन वॉशर, आणि फिलरच्या तोंडापर्यंत ऑइल येऊन ओघळायला लागलं की बस. माझ्या गिअरबॉक्सला २ लिटरच्या थोडं वर लागलं. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा होता, तो नॉर्मल आहे, बोटांत चोळला तर टोचत नाही. टोचणारे तुकडे किंवा चकत्या निघाल्या तर ऑइल भरून विसरून जाऊ नका, आत काहीतरी तुटतंय. माझ्या जुन्या ऑइलमध्ये उन्हात धरल्यावर बारीक सोनेरी चमक दिसली, ती पितळेची, म्हणजे सिंक्रो थोडी झिजलेली आहे. ते बघून वाईट वाटलं, चुकीच्या ऑइलवर तीस हजार किलोमीटर चालवली होती.

ऑइलमध्ये मला काय आवडलं तर सकाळचा दुसरा गिअर, तो पहिल्या दिवसापासून सुटला आणि सहा महिन्यांनी, साधारण ७ हजार किलोमीटरनंतरही तसाच आहे. तिसरा-चौथा आधीही ठीक होते पण आता लिव्हर स्वतःहून ओढली जाते असं वाटतं. चौथ्या-पाचव्यात जो बारीक घूं असा आवाज यायचा तो मात्र कमी झालेला नाही, काही लोक लिहितात की सिंथेटिकने आवाज जातो, माझ्याकडे तरी नाही, तो बेअरिंगचा असणार.

एक स्टार कापला त्याची कारणं. बाटली १ लिटरची आहे आणि तोंड आखूड, फिलर गिअरबॉक्सच्या बाजूला असतो तिथे बाटली उलटी करताच येत नाही, लांब नळी आणि हातपंप वेगळा घ्यावा लागला. नळी बाटलीसोबत दिली असती तर काय बिघडलं असतं. दुसरं, डब्यावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात फक्त गिअर ऑइल आणि चमकदार चित्र, जीएल-४ हे मागे इतक्या बारीक अक्षरात की मला फोनवर फोटो काढून मोठं करून वाचावं लागलं. त्याच कंपनीचं जीएल-५ अगदी तशाच रंगाच्या बाटलीत येतं. मागच्या वेळची चूक अशाच गोंधळातून झाली असेल का असं मला राहून राहून वाटतं. कंपनीने हे खरंच सुधारायला हवं, कारण चूक करणाऱ्याला ती कळत नाही, ती दोन वर्षांनी सिंक्रोच्या रूपात कळते.

घेऊ नका कोणी, तर ज्यांच्या मॅन्युअलमध्ये दुसरं काही लिहिलंय त्यांनी. काही मॅन्युअल गिअरबॉक्सला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, काहींना कंपनीचं स्वतःचं पातळ एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं फ्लुइड), होंडाच्या जुन्या गाड्यांत तर इंजिन ऑइल चालायचं. तिथे ७५डब्ल्यू-९० भरलं तर हलका असलेला गिअर उलट जड होईल. तसंच ज्यांचा फक्त एकच गिअर अडतोय आणि बाकी सगळे छान पडतात त्यांनीही थांबा, तिथे त्या गिअरची सिंक्रो किंवा फोर्क (स्लीव्हला सरकवणारा काटा) बघावा लागतो. आणि लिव्हर सगळीकडे डगडग करतेय, न्यूट्रल कुठे आहे तेच कळत नाही, अशी तक्रार असेल तर ते केबलच्या टोकाचे प्लास्टिकचे बुश असतात. गिअरबॉक्सच्या बाजूला केबल काढून तिथली लिव्हर हाताने हलवून बघा, तिथे हलकी आणि गाडीच्या आतली लिव्हर जड असेल तर दोष केबलचा, गिअरबॉक्सला हातही लावू नका.

एक गोष्ट ज्याची भीती वाटून घेऊ नका ती म्हणजे उभ्या गाडीत कधीतरी एकदा पहिला न पडणं. दातासमोर दात आला की तसं होतं, क्लच सोडून परत दाबा किंवा दुसऱ्याला टेकवून पहिल्याला या. रोज आणि दर वेळी होत असेल तरच तपासा.

माझ्याकडे आता तिसरी बाटली जवळजवळ भरलेलीच उरली आहे, झाकण घट्ट लावून ठेवलीये. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर पटकन उतरवताना अजूनही हाताला एक बारीक अडथळा लागतो, डबल क्लच मारला की लागत नाही, म्हणजे ती झीज आहे आणि ती राहणार. तिथे मी आता अर्धा सेकंद थांबून गिअर टाकतो, आणि गिअर लिव्हरवर हात ठेवून चालवायची सवयही सोडली आहे, कारण तो भार आतल्या फोर्कवर सतत येत राहतो. १५ हजार किलोमीटर झाले की थोडं ऑइल काढून सोनेरी चमक वाढलीये का ते बघणार आहे आणि याच रिव्ह्यूखाली लिहिणार आहे.